गिअरबॉक्स खोलण्याआधी

रायपूर ते नागपूर अंतर तीनशे किलोमीटरच्या आत भरतं. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर दुर्ग, राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा असे टप्पे घेत जाणाऱ्या ट्रकांच्या रांगेत अधूनमधून एखादा फ्लॅटबेड दिसतो. त्यावर पट्ट्यांनी आवळलेली एक्स-५, क्यू-७ किंवा रेंज रोव्हर असते. बंपर शाबूत, दारं शाबूत, काचेला चरासुद्धा नाही. अशा गाडीचा गिअरबॉक्स ‘गेला’ असं बहुधा कुणीतरी रायपुरात ठरवलेलं असतं, आणि तो खोलून प्लेटा बदलणारा कारागीर नागपूरला, हैदराबादला नाहीतर दिल्लीला बसलेला असतो. रायपुरात आलिशान गाड्यांची शोरूम आणि सर्व्हिस सेंटर आली, पण सर्व्हिस सेंटरचा कल सहसा अख्खा गिअरबॉक्स बदलण्याकडे असतो आणि तो आकडा ऐकून मालक खुर्चीत सरळ बसतो.

गाडी ट्रकवर चढण्याआधी रायपुरातच, अर्ध्या-एक दिवसात, बरंच काही कळू शकतं. चौकशी बाहेरून आत गेली पाहिजे: आधी वीज, मग तेल, मग गिअरबॉक्सच्या शेजारचे संशयित, आणि सगळ्यात शेवटी गिअरबॉक्सचं पोट. हा क्रम पाळला तर पुष्कळदा पोटापर्यंत जावंच लागत नाही. उलट्या क्रमाने गेलं की खर्च आधी होतो आणि कारण नंतर सापडतं.

आपण बोलतोय तो गिअरबॉक्स नेमका कोणता, हे एकदा ठरवून घेऊ. आलिशान एसयूव्हींच्या बाजारात बोधचिन्हं वेगळी असली तरी खाली वाकून पाहिलं तर अनेकांच्या पोटात एकच यंत्र आहे: जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा आठ गिअरांचा ८एचपी. झेपेलिनच्या हवाई जहाजांसाठी गिअर बनवायला १९१५ साली फ्रीड्रिक्सहाफेनमध्ये ही कंपनी सुरू झाली. ८एचपी २००९ साली बीएमडब्ल्यूच्या ७ सीरिजमधून आला आणि पुढे एक्स-५, रेंज रोव्हर, डिस्कव्हरी, क्यू-७, जीप ग्रँड चेरोकी अशा गाड्यांत पोचला. मर्सिडीज आपला गिअरबॉक्स स्वतः बनवते; २०१३ पासून तिचा नऊ गिअरांचा ९जी-ट्रॉनिक आहे. रायपुरात पुढाऱ्यांच्या ताफ्यात सगळ्यात जास्त दिसणारी फॉर्च्युनर आलिशान म्हणावी का हा वेगळा वाद, पण तिचा ऑटोमॅटिक जपानच्या आयसिनचा. तिघांचे तपशील वेगळे, तपासाची रीत जवळपास एकच. इथे उदाहरणं मुख्यतः ८एचपीची घेतो.

कोणत्याही अशा गिअरबॉक्समध्ये इंजिनाच्या बाजूला टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिनाला जोडलेलं पात्यांचं चाक तेल फेकतं, समोरचं चाक, म्हणजे टर्बाइन, त्या तेलाच्या माऱ्याने फिरतं, आणि मधला स्टेटर परतणाऱ्या तेलाची दिशा वळवून गाडी जागची हलताना जोर वाढवतो. ही कल्पना हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली जहाजांसाठी काढली होती. गाडीने वेग धरला की कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच दोन्ही चाकं एकमेकांना आवळतो, म्हणजे तेलात ताकद वाया जात नाही. मागे प्लॅनेटरी गिअरांचे संच आणि त्यांना धरणारे-सोडणारे क्लच. हे क्लच म्हणजे पोलादी आणि कागदासारखं घर्षण-अस्तर लावलेल्या चकत्यांची चळत. तेलाच्या दाबाने ती आवळली जाते. कोणत्या क्लचला केव्हा किती दाब द्यायचा हे व्हॉल्व्ह बॉडी ठरवते आणि तिला हुकूम देतो संगणक. ८एचपीत हा संगणक व्हॉल्व्ह बॉडीसकट गिअरबॉक्सच्या आतच, गरम तेलात बसलेला असतो. या जोडगोळीला मेकॅट्रॉनिक म्हणतात. म्हणजे यंत्र, तेल आणि वीज असे तीन स्वतंत्र बिघाड इथे एकाच पेटीत राहतात, आणि बाहेर मालकाला जाणवतं ते एकच: गाडी झटका देते.

झटका हा शब्द ऐकून थांबणारा मिस्त्री काही कामाचा नाही. त्याने पुढचे प्रश्न विचारले पाहिजेत. सकाळी थंड गाडीत होतं की अर्धा तास चालल्यावर? गिअर चढताना की उतरताना? हलक्या पायावर की जोरात दाबल्यावर? पी मधून डी मध्ये टाकल्यावर गाडी लगेच पकडते की क्षणभर विचार करते? आणि गाडी बंद करून पुन्हा चालू केली की बरं वाटतं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर लोखंडापेक्षा विजेवर संशय घ्यावा. झिजलेली प्लेट चावी फिरवल्याने भरून येत नाही, पण संगणकाने घाबरून घेतलेला निर्णय मात्र पुसला जातो. मालकाने आठवडाभर मोबाइलमध्ये एवढी टिपणं ठेवली तरी गॅरेजचं निम्मं काम झालं.

आता वीज. रायपूरचा मे महिना ४४-४५ अंशांवर जातो आणि बॅटरी थंडीपेक्षा उन्हाने लवकर मरते. बॉनेटखालचं तापमान तर त्याहून कितीतरी वर. त्यात या गाड्या एकाच बॅटरीवर पन्नास-साठ छोटे संगणक पोसतात. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असावी. १२.२ दाखवत असेल तर ती निम्मी रिकामी आहे, आणि स्टार्टर फिरताना व्होल्टेज आणखी कोसळलं की गिअरबॉक्सचा संगणक भलतेसलते कोड नोंदवतो: या संवेदकाशी संपर्क तुटला, त्या सोलेनॉइडने (विजेने चालणाऱ्या व्हॉल्व्हने) उत्तर दिलं नाही. दोन-तीन वेगवेगळ्या संगणकांत एकाच वेळी संपर्क तुटल्याचे कोड दिसले तर आधी बॅटरी तपासावी, अर्थिंगची पट्टी तपासावी, मग बाकीचं. बॅटरी बदलली तर बीएमडब्ल्यूसारख्या गाडीत नव्या बॅटरीची नोंद संगणकात करावी लागते. बाजारातला माणूस ती बहुधा करत नाही, मग अल्टरनेटर नव्या बॅटरीला जुनी समजून चार्ज करत राहतो.

बॅटरी ठीक निघाली की स्कॅनर. इथे फसगत सोपी आहे. पाचशे-हजार रुपयांना मिळणारं ब्लूटूथ यंत्र डॅशबोर्डखालच्या सोळा टाचण्यांच्या सॉकेटला लावलं की फोनवर ‘पी ०७००’ असा कोड येतो आणि मिस्त्री मान हलवून सांगतो, गिअरबॉक्स गेला. या कोडचा अर्थ फक्त एवढाच, की गिअरबॉक्सच्या संगणकाने तक्रार नोंदवली आहे, ती त्याच्याकडेच जाऊन वाचा. खरी तक्रार त्या दुसऱ्या संगणकात असते आणि ती वाचायला त्या कंपनीची भाषा येणारा स्कॅनर लागतो. तिथे ‘पी ०७१५’ सापडला तर आत येणाऱ्या वेगाचा संवेदक, ‘पी ०७२०’ असेल तर बाहेर जाणाऱ्या वेगाचा, ‘पी ०७४१’ म्हणजे लॉक-अप क्लच नीट आवळला जात नाही, ‘पी ०७३०’ म्हणजे हिशेबात बसत नाही असं गिअर-प्रमाण. कोडसोबत त्या क्षणाची नोंदही असते: तेलाचं तापमान, वेग, गिअर, व्होल्टेज. कोडपेक्षा ती नोंद जास्त बोलते. म्हणून कोड पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो घ्यावा. ‘साफ करून बघू, परत येतो का’ हे वाक्य गॅरेजमध्ये फार ऐकू येतं, आणि त्या एका बटणाने सगळा पुरावा जातो.

विजेचा एक जुना, ठसठशीत दाखला मर्सिडीजचा. १९९६ साली आलेल्या ७२२.६ या पाच गिअरांच्या पेटीत वायर आत जाते त्या जोडावर एक छोटी रबरी चकती आहे. ती म्हातारी झाली की तेल वायरींच्या आतून चढत चढत वर संगणकापर्यंत पोचतं. गाडी दुसऱ्या गिअरात अडकते आणि पुढे सरकायलाच तयार नसते. इलाज नव्या जोडाचा आणि सफाईचा, पण ही खोड माहीत नसलेल्या हाताखाली गिअरबॉक्स उतरवला जायचा.

तेलाकडे वळू. इथे जरा रेंगाळावं लागेल, कारण रायपूरची हवा तेलाशी वाईट वागते. गिअरबॉक्सचं तेल साधारण ८० ते १०० अंशांत सुखी असतं. १२० च्या वर ते झपाट्याने खराब होतं. घर्षण सांभाळणारी रसायनं जळतात आणि रबरी सील कडक होतात. जयस्तंभ चौकातली संध्याकाळची कोंडी, पूर्ण ताकदीने चालणारा एसी, सिलतरा-उरल्याच्या कारखान्यांची धूळ खाऊन चोंदलेला रेडिएटर, या तिन्ही गोष्टी तेल गरमच करतात. जगदलपूरला जाताना कांकेर सोडल्यावर लागणारा केशकालचा घाट, सात माणसं आणि छतावर सामान, म्हणजे चौथी.

तेल किती आहे हे पाहणं या गाड्यांत सोपं नाही, कारण बहुतेकांना डिपस्टिकच नाही. गाडी चारही बाजूंनी सपाट लिफ्टवर घ्यायची, इंजिन चालू ठेवायचं, सगळे गिअर एकदा फिरवून पी मध्ये आणायचं, स्कॅनरवर तेलाचं तापमान बघायचं आणि ते ठरलेल्या पट्ट्यात, ८एचपीत साधारण ३० ते ५० अंशांत, असतानाच बाजूचा भरणीचा बोल्ट सैल करायचा. तेलाची बारीक धार आली तर पातळी बरोबर. मे महिन्यात रायपुरात उन्हात उभ्या असलेल्या गाडीचं तेल चालू करायच्या आधीच चाळिशीत असतं, म्हणजे तपासायला मिळतात मोजकी मिनिटं. इंजिन बंद ठेवून किंवा तापलेल्या तेलावर पातळी पाहिली की अर्धा-एक लिटर इकडेतिकडे सहज होतं, आणि एवढ्यानेही गाडी वळणावर किंवा चढावर क्षणभर न्यूट्रल झाल्यासारखी वागते. नुकतीच सर्व्हिस झाल्यावर सुरू झालेल्या तक्रारीत मी तर हाच संशय पहिला घेईन.

तेलाच्या रंगावरून निकाल देणाऱ्यांपासून थोडं जपून. लाल म्हणजे चांगलं, हा जुन्या गाड्यांचा नियम. झेडएफचं आठ-गिअरी तेल हिरवट असतं, मर्सिडीजच्या नव्या पिढीचं निळं. रंगापेक्षा वास आणि गाळ बघावा. जळका, तिखट वास म्हणजे क्लच तापले. ८एचपीची तळाची पेटी प्लास्टिकची आणि फिल्टर तिच्यातच, त्यामुळे दोन्ही एकत्र बदलतात. त्या पेटीतल्या चुंबकांवर करड्या मलमासारखा लेप असणं स्वाभाविक आहे. त्यात टोचणारे कण, तुकडे सापडले तर आत काहीतरी तुटतंय. काळे, ठिसूळ पापुद्रे म्हणजे क्लचचं अस्तर. पिवळसर चकाकी दिसली तर बुश झिजतोय. पाच मिनिटांची ही पाहणी हजारो रुपये वाचवते, म्हणून तळाची जुनी पेटी मालकाने आपल्यासमोर उघडायला लावावी.

तेल मुळात बदलायचं का, यावर कंपन्यांतच एकमत नाही. गाडी विकणाऱ्या अनेक कंपन्या वर्षानुवर्षं सांगत आल्या की हे तेल गाडीच्या आयुष्यभरासाठी भरलेलं आहे. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र सांगते, ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी बदला. दोघांत मी बनवणाऱ्याचं ऐकेन, आणि रायपूरच्या उन्हात खालच्या आकड्याचं. ‘जुन्या गाडीचं तेल बदललं की गिअरबॉक्स बसतो’ ही समजूत मात्र अगदीच हवेत नाही. बहुतेक लोक तेल तेव्हाच बदलतात जेव्हा गिअर घसरू लागलेला असतो. चकत्या आधीच संपलेल्या, आणि खापर नव्या तेलावर. शिवाय यंत्राने दाब देऊन धुलाई केली की कोपऱ्यात बसलेला गाळ उठून व्हॉल्व्हमध्ये अडकू शकतो. साधं सोडून, फिल्टर बदलून, मोजून भरणं बरं. एका वेळी निम्म्याच्या आसपासच तेल निघतं, म्हणून काही मिस्त्री थोडं चालवून पुन्हा एकदा बदलतात. ते योग्यच.

उष्ण आणि दमट हवेत तेल स्वतःच वीज बिघडवू शकतं याचा धडा फोक्सवॅगनने २०१३ साली घेतला. सात गिअरांच्या, दोन क्लचच्या डीएसजी पेटीतलं कृत्रिम तेल अशा हवामानात आतल्या विजेच्या भागात शॉर्ट घडवू शकतं असं आढळल्यावर कंपनीने जगभरातल्या १६ लाख गाड्यांत ते काढून खनिज तेल भरायचं जाहीर केलं. ती पेटी छोट्या गाड्यांची. पण उत्तर युरोपात निर्धोक चाललेली गोष्ट आपल्याकडे चालेलच असं नाही, एवढं तिने दाखवून दिलं.

आणि पाणी. पावसाळ्यात अंडरपासमध्ये साचलेल्या पाण्यातून एसयूव्ही ऐटीत काढली जाते. तापलेला गिअरबॉक्स एकदम गार होतो, आतली हवा आकसते आणि वरच्या श्वासनळीतून, नाहीतर थकलेल्या सीलमधून, पाणी आत ओढलं जातं. दुसरी वाट रेडिएटरची: काही गाड्यांत तेल गार करायची नळी कूलंटच्या टाकीतूनच जाते आणि ती आत फुटली की दोन्ही द्रव मिसळतात. तेल दुधी झालं तर ओळखणं सोपं. अडचण थोड्या पाण्याची आहे. क्लचचं अस्तर कागदी असल्याने पाणी शोषून घेतं आणि ज्या गोंदाने ते पोलादाला चिकटलेलं असतं तो सुटतो. हे जुलैत घडतं, गिअर घसरतो दिवाळीला. पाण्यातून गेलेल्या गाडीचं तेल त्याच आठवड्यात पाहावं.

बाहेरचे संशयित अजून बाकी आहेत आणि त्यांतला पहिला कुणाला सुचत नाही: टायर. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत पुढचे टायर नवे आणि मागचे झिजलेले, किंवा दोन वेगळ्या कंपन्यांचे असले, तर चाकांचा घेर बदलतो. संगणकाला वाटतं एक धुरा सतत घसरतोय, आणि पुढे-मागे ताकद वाटणारी ट्रान्सफर केस सतत आवळ-सोड करत राहते. बीएमडब्ल्यूच्या एक्स मालिकेत हळू वेगात, वळताना येणारा धक्का पुष्कळदा याचा असतो. मोकळ्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू फिरवली आणि ती अडखळली, तर गिअरबॉक्स सोडून टायर मोजावे आणि ट्रान्सफर केसचं तेल बघावं. दुसरा संशयित इंजिन आणि गिअरबॉक्सची रबरी बैठक: पी मधून आर मध्ये टाकताना ‘धप्प’ आवाज येतो, चालताना मात्र सगळं गुळगुळीत. तिसरा डिझेल इंजेक्टर. तो चुकला की गाडी थरथरते, पण ती थरथर पी मध्ये उभ्या गाडीतही जाणवते. गिअरबॉक्सची सहसा तशी जाणवत नाही.

चौथा संशयित तर हातातच असतो. २०१६ साली फियाट क्रायस्लरने जगभरातून ११ लाख गाड्या परत बोलावल्या, त्यांत जीप ग्रँड चेरोकी होती. त्यांचा गिअरचा दांडा दर वेळी मधल्या जागी परत यायचा, त्यामुळे गाडी पी मध्ये गेली की नाही हे हाताला कळायचं नाही. लोक उतरायचे आणि गाडी घरंगळायची. त्याच वर्षी जूनमध्ये अभिनेता अँटन येल्चिन आपल्याच घरंगळलेल्या ग्रँड चेरोकीने चिरडला जाऊन मरण पावला. त्या गाड्यांचा गिअरबॉक्स उत्तम होता.

एवढं सगळं निर्दोष ठरल्यावर मग रस्त्यावरची परीक्षा. त्यासाठी रायपूरकरांना देवाने नवा रायपूर दिला आहे. इतके रुंद आणि इतके रिकामे रस्ते असलेली राजधानी शोधून सापडायची नाही. गाडी चांगली तापू द्यावी, सोबतीला स्कॅनर धरणारा माणूस घ्यावा. ६० ते ८० च्या वेगात, वरच्या गिअरात, पाय हलका ठेवून चालवताना रस्त्यावरच्या बारीक पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर आली तर डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करावा. अनेक गाड्यांत तेवढ्याने लॉक-अप सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली तर संशय लॉक-अप क्लचवर किंवा त्याला पोसणाऱ्या तेलावर. अशा वेळी आधी तेल बदलून पाहणं शहाणपणाचं. थकलेल्या तेलाने येणारी थरथर कधी कधी तेवढ्यानेच जाते. नाही गेली तर कन्व्हर्टर.

घसरणीचा शोध याहून रंजक आहे, कारण तो जवळजवळ कागदावर लागतो. ८एचपीत चार प्लॅनेटरी संच आणि त्यांना धरणारे फक्त पाच घटक आहेत: ए आणि बी हे ब्रेक; सी, डी, ई हे क्लच. कोणत्याही गिअरात पाचांपैकी तीन आवळलेले, दोन मोकळे. पहिल्यात ए-बी-सी, दुसऱ्यात ए-बी-ई, तिसऱ्यात बी-सी-ई, चौथ्यात बी-डी-ई, पाचव्यात बी-सी-डी. सहाव्यात तिन्ही क्लच, सी-डी-ई, म्हणजे सगळं एकत्र फिरतं आणि प्रमाण बरोबर एकास एक. सातव्यात ए-सी-डी, आठव्यात ए-डी-ई. रिव्हर्समध्ये ए-बी-डी.

आता समजा मालक म्हणतो, रिव्हर्समध्ये गाडी उठत नाही, इंजिन नुसतं गुरगुरतं. पुढे जाताना तीन गिअर झकास, चौथ्यापासून पुन्हा घसरते. वरची यादी पाहा. रिव्हर्स आणि चौथा ते आठवा या सगळ्यांत आहे आणि पहिल्या तिघांत नाही, असा घटक एकच: डी. दुसरा मालक म्हणतो, जागची हलताना ढिली, दुसऱ्यातही ढिली, रिव्हर्स ढिला, मग एकदम छान, आणि महामार्गावर सातव्याला पुन्हा ढिली. हा ए. पहिला, पाचवा, सातवा ठीक आणि बाकी पुढचे गिअर घसरतात, तर ई. सगळेच गिअर घसरत असतील तर एखाद्या क्लचला दोष देऊन उपयोग नाही. पाचही एकदम झिजत नाहीत. तिथे सगळ्यांना समाईक असलेल्या गोष्टी बघायच्या: तेलाची पातळी, फिल्टर, पंप, मुख्य दाब.

याच यादीतून आणखी एक बारकावा निघतो. लागून असलेल्या दोन गिअरांत नेहमी एकच घटक सुटतो आणि एकच आवळला जातो. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना सी सुटतो, डी धरतो. त्या बदलाच्या क्षणी इंजिनाचे फेरे उसळले, पण चौथ्यात गेल्यावर पूर्ण जोर लावूनही गाडी घसरली नाही, तर डीचं अस्तर शाबूत आहे. देवाणघेवाणीची वेळ चुकते आहे, म्हणजे सोलेनॉइड, व्हॉल्व्ह किंवा संगणकाचा अंदाज. इलाजाची किंमत एकदम निराळी. हे तपासायला गाडी मॅन्युअल मोडमध्ये एकेका गिअरात अडकवून चालवायची आणि स्कॅनरवर दोन आकडे पाहायचे: टर्बाइनचे फेरे आणि बाहेरच्या शाफ्टचे फेरे. आधीच्या ८एचपींत चौथ्याचं प्रमाण १.६६७ आहे. बाहेरचा शाफ्ट १,२०० फेरे घेत असेल तर टर्बाइन २,००० वर असली पाहिजे. २,३०० दिसली तर ३०० फेरे कुठेतरी घसरताहेत. यात मिस्त्रीच्या अनुभवाचा, कानाचा, नाकाचा काही भाग नाही. दहावीतला मुलगाही भागाकार करून सांगेल.

थंड-गरमचा धागा इथे परत येतो. थंड गाडी नीट आणि तापल्यावर घसरते, तर पातळ झालेलं तेल झिजलेल्या सीलमधून निसटतंय, दाब टिकत नाही. सकाळीच पहिला गिअर उशिरा धरतो आणि मग दिवसभर तक्रार नाही, तर कडक झालेलं सील, चिकटलेला व्हॉल्व्ह, किंवा रात्रभरात खाली उतरलेलं तेल.

वाटेतच गाडी एका गिअरात अडकली आणि डॅशबोर्डवर इशारा आला, तर ती संरक्षणाची अवस्था आहे. सुरक्षित जागी थांबून गाडी बंद करावी, तेल गार होऊ द्यावं, इशाऱ्याचा फोटो काढावा. जवळच्या गावापर्यंत हळू नेणं बहुधा चालतं. दोर बांधून ओढत नेणं चालत नाही. इंजिन बंद असलं की गिअरबॉक्सचा तेलपंप बंद, चाकं मात्र आतले गिअर कोरडे फिरवत राहतात. केशकालच्या पायथ्याला मदतीला धावलेला ट्रॅक्टरवाला कितीही भला असला तरी त्याचे आभार मानून फ्लॅटबेडची वाट पाहावी.

निदान झालं आणि दुरुस्ती ठरली की संगणकाच्या आठवणीचा प्रश्न येतो. क्लच झिजत जाईल तसा तो भरायला किती तेल, किती वेळ लागतो हे संगणक शिकत असतो आणि प्रत्येक घटकासाठी आकडे साठवतो. पाचांपैकी एकाचा आकडा बाकी चारांपासून फार दूर गेला असेल तर तो झिजेचा लेखी जबाब आहे. म्हणून हे आकडे दुरुस्तीआधी उतरवून घ्यायचे आणि दुरुस्तीनंतरच पुसायचे. पुष्कळ ठिकाणी नेमकं उलटं होतं: आधी आकडे पुसतात, गाडी दोन-चार दिवस बरी वाटते, बिल होतं, आणि संगणक पुन्हा शिकत शिकत जुन्याच ठिकाणी पोचतो. दुरुस्तीनंतर मात्र पुसणं आणि ठरलेल्या पद्धतीने गाडी चालवून नव्याने शिकवणं गरजेचं. ते न केल्यास नवा क्लच जुन्या हिशेबाने आवळला जातो आणि झटके सुरूच राहतात.

मेकॅट्रॉनिकचा दोष निघाला तर पूर्ण पेटी उतरवायची गरज नसते. तळाची पेटी काढून ते खालूनच निघतं, आणि हे काम रायपुरात होऊ शकतं. एक-दोन क्लचांचा दोष असेल तर पेटी उतरवावीच लागते, आणि मग कन्व्हर्टर, सगळी सील आणि तेल गार करणाऱ्या नळ्यांची सफाई यांवर हात आखडू नये, कारण जुना गाळ त्या नळ्यांतून नव्या कामात परत येतो. तिसरा पर्याय दिल्लीच्या मायापुरीतून किंवा मुंबईच्या कुर्ल्यातून आणलेला जुना गिअरबॉक्स. तो घेताना पेटीवरच्या पट्टीचा क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी जुळतो का ते पाहावं, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन ८एचपींचं कन्व्हर्टर आणि सॉफ्टवेअर वेगळं असू शकतं, आणि संगणक नव्या गाडीला कोड करून द्यायची जबाबदारी विकणाऱ्याची की बसवणाऱ्याची, हे पैसे देण्याआधी बिलावर लिहून घ्यावं.